तृतीयेला संकष्टी कशी काय?

प्रश्न: कॅलेंडरवर मंगळवारी तृतीया छापलीय आणि त्याच चौकोनात संकष्टी पण. प्रिंटिंग मिस्टेक का? सासूबाई म्हणतात उपास आजच.

उत्तर १: सासूबाई बरोबर. चौकोनात सूर्योदयाची तिथी असते, संकष्टीला मात्र चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ, आणि चंद्राचा स्पीड एकसारखा नसतो त्यामुळे कधी १९-२० तास कधी २६, मग ती दुपारी बदलेल नाहीतर मध्यरात्री.

उत्तर २: चंद्रोदय पण आपल्या गावचा बघा हं, नागपूरला मुंबईच्या वीसेक मिनिटं आधीच होतो, उगाच उपाशी बसाल 😄

उत्तर ३: अमेरिकेत तर कधीकधी वारच बदलतो, तिकडचंच पंचांग वापरायचं.