अनुभवपत्र अडलंय एका डायल गेजपायी

गेजवाली
मंडळी, जरा लांबड लावते, पण सगळं सांगितलेलं बरं.

भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्टच्या एका कंपनीत मी चार वर्षं तीन महिने क्वालिटीला होते. कंपनी म्हणजे एक शेड, सात प्रेस, मालक, मालकांचे मेहुणे आणि आम्ही चाळीस जण. महिन्याची नोटीस देऊन 31 मेला सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. शेवटच्या दिवशी मालकांनी सगळ्यांना वडापाव मागवले. म्हटलं, चला, गोड झालं.

पत्र मागितलं तर आधी ‘आठवड्यात देतो’, मग ‘ऑडिट होऊ दे’, मग मालक वारीला गेले. मागच्या सोमवारी मी ऑफिसात ठाण मांडून बसले तेव्हा खरं काय ते कळलं. नो-ड्यूजच्या, म्हणजे माझ्याकडे काही बाकी नाही अशा कागदावर चार सह्या लागतात. अकाउंट, कँटीन आणि प्रोडक्शनच्या झाल्यात. टूलरूमचे काका करत नाहीत, कारण त्यांच्या रजिस्टरात माझ्या नावावर एक डायल गेज (मापं घ्यायचं काट्याचं उपकरण) आहे आणि तो सापडत नाही.

काका वाईट नाहीत. कानावरचं पेन काढलं, रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, ओळीवर पेन टेकवलं, ‘बघ पोरी, सही तुझीच ना?’ सही माझीच. पुढचा जमा केल्याचा रकाना कोरा. व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्लग गेजचा डबा सगळं जमा, एवढी एकच ओळ उघडी. मी तो घरी नेऊन काय करणार, भाकरीची जाडी मोजणार?

चाकणच्या नव्या कंपनीने घेतलंय, पण 15 सप्टेंबरपर्यंत पत्र हवं, नाहीतर पगार फ्रेशरचा लावणार. नेमणूकपत्र तेव्हा दिलंच नव्हतं. मालक म्हणतात गेजचे 2,800 भर आणि पत्र घेऊन जा. भरून मोकळी होऊ का?

कोरी_पाटी
फॉर्म 16 असेल ना? तो दाखवा की.

गेजवाली
शेवटचा पगार 23,800 होता हो. टॅक्सच कापला नाही तर कुठला फॉर्म 16!

माजी_एचआर
ताई, पैसे आत्ता भरू नका. भरलेत की गेज तुम्ही हरवला हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. फारच गळ्याशी आलं तर ‘वाद कायम ठेवून भरत आहे’ असं लिहून, पावती घेऊन भरा.

आधी पीएफच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) लॉगिन करा आणि सर्व्हिस हिस्ट्री उघडा. तिथे कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती आधारच्या ओटीपीवर स्वतःला भरता येते. मात्र ज्या महिन्याची शेवटची वर्गणी जमा आहे त्याच महिन्यातली तारीख टाकावी लागते. त्याचं प्रिंट, पासबुक आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट असा गठ्ठा चाकणला देऊन मुदत मागा. मी स्वतः असे गठ्ठे कितीदा चालवून घेतलेत.

मालकांना ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. रजिस्टर पोस्ट शोधत बसू नका, ते 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टातच विलीन झालंय. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या: पद, दोन तारखा, शेवटचा पगार. बस. वर्तणूक उत्तम वगैरे मागू नका. छोटे मालक निम्म्या वेळा काय लिहायचं हेच सुचत नाही म्हणून टाळतात.

आणि शेवटचा हिशेब मिळाला का? नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत पगार चुकता करायचा आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. पत्रात हेही एका ओळीत टाका.

गेजवाली
पगार मिळालाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोर्टलवर निराळंच निघालं. पहिले आठ महिने ठेकेदाराच्या नावावर! मी मार्च 2022 पासून त्याच शेडमध्ये, त्याच टेबलावर, आणि कंपनीचं नाव नोव्हेंबर 2022 पासून.

माजी_एचआर
अगदी नेहमीचं. दोन्ही नोंदी एकाच यूएएनखाली आहेत ना, मग दोन्हींचं प्रिंट द्या. ठेकेदाराचे महिनेही अनुभवच आहेत. पहिली वर्षं ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर तिथलीही नोंद बघा.

चिंचवडचा_फिटर
ताई, सगळे पीएफ-पीएफ करतायत, मला गेजचं सांगा. आमच्याकडे असे गेज वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर दाखवतो का ते तपासायला, लॅबला जातात आणि विसरले जातात. तुमच्या गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या स्टिकरची मुदत कधी संपत होती?

गेजवाली
दादा, तुमच्या तोंडात साखर पडो!

स्टिकर एप्रिलअखेर संपत होता. मोबाइलमध्ये तीनशे फोटो उपसले (निम्मे कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, आलेल्या पार्टचे) आणि 24 एप्रिलचं डिलिव्हरी चलन सापडलं. परत येणाऱ्या मालाचं, तीन नग, त्यात हा गेज आणि खाली मेहुण्यांची सही. लॅबला फोन केला तर गेज तयार होऊन मे महिन्यापासून तिथेच पडलाय. का, तर कंपनीने मागचं बिल दिलं नाही!

आज काकांना फोटो दाखवला. चष्मा वर करून दोनदा वाचला, रकान्यात ‘कॅलि. ला’ लिहिलं आणि मुकाट्याने सही केली. मला चहा पाजला. मालकांनी माझा टाइप केलेला कागद बाजूला सारला, मेहुण्यांकडून दुसरं पत्र टाइप करून घेतलं, लगेच सही-शिक्का.

बसस्टॉपवर येऊन नीट वाचलं. रुजू तारीख नोव्हेंबर 2022, पद ‘हेल्पर’. उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी परत भोसरी.