पोटातले जंतू आणि कॅन्सरचा तो फॉरवर्ड

जोशीकाका (बी-३०२): कालपासून फॉरवर्ड फिरतोय की पोटातल्या ई. कोलाय नावाच्या जंतूमुळे आतड्याचा कॅन्सर होतो, महिनाभर अमुक पावडर घ्या. मेधाताई, तुम्ही मायक्रोबायॉलॉजी शिकवता ना, बघा जरा

मेधाताई (ए-५०१): काका अर्धं खरंय, पावडर सोडून द्या. ई. कोलाय सगळ्यांच्याच आतड्यात असतो, बहुतेक गरीब बिचारा. त्यातले काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात, ते डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना चिकटवून टाकतं, मग पेशी दुरुस्तीला जाते आणि तिथेच घोळ होतो. २००६ मध्ये फ्रान्समधल्या टीमने हे शोधलं. २०२० ला नेदरलँड्सवाल्यांनी आतड्याच्या पेशींचे बारीक गोळे लॅबमध्ये वाढवून त्यात हे जंतू पाच महिने परत परत सोडले, तर डीएनएवर ठराविक खूण उमटली, आणि तीच खूण काही पेशंटच्या गाठीत पण मिळाली

अमेय (सी-१०४): म्हणजे चोराचे ठसे सापडले 😄

मेधाताई: ठसे आहेत, पण गुन्हा एकट्याचाच असं नाही. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ पेशंटच्या गाठी तपासल्या, चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतरवाल्यांपेक्षा ३.३ पट जास्त. आणि ती बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटते म्हणे! भारत त्या ११ मध्ये नव्हता

सुनंदाकाकू (ए-२०३): अगं मग पोरांना अँटिबायोटिकचा कोर्स द्यायचा का

मेधाताई: काकू अजिबात नको!! हे जंतू पोटात असून ठणठणीत असलेली माणसं भरपूर आहेत. आणि प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले म्हणून घेतात ते जिवंत जंतू, डोळे झाकून चांगलेच असंही नाही, निसले १९१७ म्हणून जुना जर्मन प्रोबायोटिक आहे, त्या ई. कोलायकडे पण कोलिबॅक्टिनचे जीन्स आहेतच

जोशीकाका: आमच्या मेव्हण्याला रक्त पडायचं, मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत बसला, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं तपासतात ती) केली तर आत हा मोठा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब. वेळेत काढला म्हणून बरं

मेधाताई: हेच तर होतं आपल्याकडे. रक्त पडतंय, शौचाची सवय बदललीय, हिमोग्लोबिन उगाच उतरतंय, तर वय पस्तीस असलं तरी डॉक्टरकडे जा, जंतू कुठला ते नंतर बघू

अमेय: ताई कोलोनोस्कोपी फार दुखते का

मेधाताई: नाही रे, गुंगीचं इंजेक्शन देतात. त्रास आदल्या रात्रीच्या औषधाचा, संडास सोडवत नाही

अमेय: 😳 आधी वरच्या टाकीत पाणी आहे का बघतो