ऑगस्टमधली यादी डिसेंबरचा निकाल ठरवते का?

मूळ लेख

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १३० च्या आसपास संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १२ सामने येतात. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नसल्याने क्रमवारी मतदानाने ठरवावी लागते. असोसिएटेड प्रेसच्या पोलमध्ये क्रीडापत्रकार आपापली २५ संघांची यादी देतात. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे उतरत शेवटच्याला एक. १९३६ पासूनच्या या पद्धतीला माझा विरोध नाही. आक्षेप एवढाच, की पहिली यादी ऑगस्टमध्ये, एकही सामना होण्याआधी, प्रसिद्ध होते.

२००४ मध्ये या यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिले, ओक्लाहोमा दुसरे आणि ऑबर्न १७वे होते. तिन्ही संघ नियमित हंगामात अपराजित राहिले, पण अंतिम सामन्यात जागा दोघांनाच होती आणि ती ऑगस्टमधल्या पहिल्या दोघांना मिळाली. ऑबर्नने गतवर्षीच्या संयुक्त विजेत्या एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) १०-९ असे हरवले होते. त्यांना पुढे सरकण्यासाठी आणखी काय करायला हवे होते, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

प्रतिसाद १

ऑबर्नबद्दल हळहळ मलाही वाटते, परंतु सगळा दोष ऑगस्टच्या यादीवर टाकणे मला पटत नाही. त्यांच्या वेळापत्रकात खालच्या श्रेणीतला सिटाडेलचा संघ होता आणि मतदारांनी ते पाहिले. शिवाय आता विजेता प्लेऑफमध्ये, म्हणजे निवडक संघांच्या बाद फेरीत ठरतो, आणि ते संघ निवडणारी १३ सदस्यांची समिती आपली पहिली क्रमवारी हंगाम निम्म्याहून अधिक झाल्यावरच जाहीर करते. तरीही २०२३ मध्ये, गटाचा अंतिम सामना धरून १३ पैकी १३ सामने जिंकलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ पाचव्या क्रमांकावर ठेवला गेला आणि चार संघांच्या प्लेऑफला मुकला. म्हणजे यादी उशिरा काढली तरी अन्याय टळत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

सिटाडेलचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत समितीने कारण तरी सांगितले: क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाल्यावर संघ पूर्वीसारखा उरला नव्हता. ते कारण मला चुकीचे वाटते, पण त्याच्याशी वाद घालता येतो. पोलमधल्या जुन्या क्रमांकाच्या ओझ्याशी वाद घालता येत नाही, कारण ते आपल्या मनात आहे हे मतदाराला स्वतःलाही कळत नाही.

प्रतिसाद २

समितीचे कारण चुकीचे कसे? जॉर्जियाने ऑरेंज बोल या हंगामानंतरच्या सामन्यात याच फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे लोळवले. दुसरीकडे अलाबामाने त्याच जॉर्जियाला एसईसी या दोघांच्या गटाच्या अंतिम सामन्यात २७-२४ असे नमवले होते, आणि अलाबामाला टेक्ससने अलाबामाच्याच मैदानावर हरवले होते. त्यामुळे चार संघांत टेक्ससला घेतल्यावर, फ्लोरिडा स्टेटसाठी अलाबामाला वगळणे सोपे नव्हते.

मूळ लेखकाचे उत्तर

त्या ६३-३ ला मी पुरावा मानत नाही. प्लेऑफ हुकल्यावर फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी प्रमुख खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नाहीत. १३ सामने जिंकलेल्या मुलांना 'तुम्ही पुढे हरला असता' असे सांगून बाहेर ठेवायचे असेल, तर सामने खेळवायचेच कशासाठी?

प्रतिसाद १

इथे मात्र मी तुमच्या बाजूने आहे. २०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ असतात, त्यामुळे तसा अपराजित संघ आता सहसा बाहेर राहणार नाही; वाद पहिल्या चारांवरून सरकून अकराव्या-बाराव्या जागेवर जाईल. तिथे दोन-तीन सामने हरलेल्या संघांची तुलना होणार असल्याने, तुमचे ते ऑगस्टचे ओझे कदाचित अधिकच जाणवेल.