इमारतीमागच्या सावलीत कोणते नेचे टिकतील?

प्रश्न (घोडबंदर रस्ता, ठाणे)
नमस्कार. आमच्या तळमजल्याच्या घरामागे, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, एक अरुंद पट्टा आहे. तिथे दिवसभर सावली असते, पावसाळ्यात पाणी साचते आणि जरा खणले की बांधकामाचा राडारोडा निघतो. थंड हवेच्या ठिकाणाहून आणलेले नेचे एप्रिलमध्ये करपून गेले. आपल्या हवेत वर्षानुवर्षे तग धरणारे नेचे कोणते? येऊरच्या जंगलातून रोपे आणावीत का?

उत्तर (नेरूळ)
येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, त्यामुळे तिथले रोप उपटणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कृपया तो विचार सोडून द्यावा. सुरुवात नेफ्रोलेपिसने करा, कारण तो आडव्या धुमाऱ्यांनी आपोआप पसरतो आणि त्याच्या कॉर्डिफोलिया या जातीच्या मुळांवर पाणी साठवणाऱ्या लहान गाठी असल्यामुळे एखादा कोरडा आठवडाही तो निभावून नेतो.

मात्र रोपांआधी जमिनीकडे लक्ष द्यावे. नेच्यांना सतत ओलावा हवा असतो, परंतु साचलेल्या पाण्यात बहुतेकांची मुळे कुजतात. म्हणून लाल माती आणि भरपूर कुजलेला पालापाचोळा मिसळून वाफा वीतभर उंच करावा आणि लावताना कोवळी पाने जिथून फुटतात तो भाग मातीखाली गाडू नये. राडारोड्यातला चुना सर्वांनाच मारक नसतो: टेरिस व्हिटाटा हा नेचा तर जुन्या भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांतही आनंदाने वाढतो.

उत्तर (नौपाडा, ठाणे)
वरील यादीत हंसराज आणि बाशिंग हे नेचे जरूर जोडावेत. पावसाळी हंसराजाची पाने पाऊस सरल्यावर वाळतात, पण जमिनीतले खोड जिवंत असते आणि पहिल्या सरींबरोबर पुन्हा फुटते, म्हणून वाळलेले रोप फेकू नये. बाशिंग जमिनीत न लावता खरबरीत सालीच्या झाडाला काथ्याने बांधावे. त्याच्या तळाची तपकिरी, कोरडी पाने वाळकी समजून काढू नका. त्यांतच पाचोळा अडकून त्याचे खत होते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. रोपवाटिकेतल्या एका नेच्याच्या पानांखाली तपकिरी ठिपके रांगेने दिसत आहेत. ही कीड आहे का?

उत्तर (नेरूळ)
ठिपके सारख्या अंतरावर, शिरांच्या दोन्ही बाजूंना असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके आहेत. औषध फवारू नये. नखाने खरवडल्यावर चिकट खवला सुटून आला, तरच कीड समजावी. पावसाळ्यात खरा धोका गोगलगायींचा असतो, तेव्हा रात्री विजेरी घेऊन त्या हाताने वेचाव्यात.