घरी मार्गारिटा: लिंबाचे आणि ट्रिपल सेकचे प्रमाण किती ठेवावे?

माळरान

नमस्कार. काही वर्षे टेक्सासमध्ये वास्तव्य होते आणि तिथे घरी मार्गारिटा हे टकिलाचे आंबट-गोड कॉकटेल करण्याची सवय लागली. ६० मिलि टकिला (अगावे या वनस्पतीपासून केलेले मेक्सिकन मद्य), ३० मिलि ट्रिपल सेक (संत्र्याच्या वासाचे गोड मद्य) आणि ३० मिलि लिंबाचा रस या प्रमाणात ती तिथे हमखास जमत असे. आता पुण्यात परतल्यावर तीच टकिला आणि तेच माप घेऊनही पेय इतके आंबट होते, की टकिलाची चव त्यामागे दडून जाते. साखरेचा पाक वाढवला तर आंबटपणा झाकला जातो खरा, पण मग ते सरबताच्या अंगाने जाते. छापील कृती पाहाव्यात तर प्रत्येकीत प्रमाण निराळे आहे. माप लिंबानुसार बदलायचे असते का, आणि असल्यास नेमका कोणता घटक कमी-जास्त करावा? शिवाय चांगले ट्रिपल सेक इथे बरेच महाग पडते. त्याच्यावाचून हे पेय करता येईल का?

निशिगंध

तुमची शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर बहुतांशी लिंबातच आहे. अमेरिकेतल्या दुकानांत सर्रास मिळणारे मोठे, जाड सालीचे, बिनबियांचे हिरवे लिंबू हे पर्शियन किंवा ताहिती जातीचे असते. आपले कागदी लिंबू वेगळ्या जातीचे असून ते आकाराने लहान, पातळ सालीचे, अधिक आंबट आणि अधिक वासाचे असते. विशेष म्हणजे मेक्सिकोत घरोघरी जेवणाबरोबर पिळले जाणारे छोटे लिंबू आणि आपले कागदी लिंबू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच आहेत. म्हणजे पुण्यात तुमच्या हाताशी असलेले लिंबू या पेयाच्या मायदेशाला अधिक जवळचे आहे. टेक्सासमधले माप तेवढे त्याला लागू पडत नाही.

तुमचे दोनास एक आणि एक हे प्रमाण जुनेच आहे. १९३७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका कॉकटेलसंग्रहात ‘पिकादोर’ या नावाने निम्मी टकिला, पाव भाग क्वांत्रो (ट्रिपल सेकचाच एक नामांकित ब्रँड) आणि पाव भाग लिंबाचा रस असे पेय दिलेले आहे, आणि मार्गारिटा हे नाव छापून येण्याच्या आधीची ती मार्गारिटाच म्हणावी लागेल. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची आजची कृती मात्र ५० मिलि टकिला, २० मिलि ट्रिपल सेक आणि १५ मिलि रस अशी आहे. कागदी लिंबासाठी मी हीच कृती पायाभूत मानते. टकिला आणि ट्रिपल सेक यांना हात न लावता केवळ रस कमी करावा, ढवळून थेंबभर चाखावा आणि गरज वाटली तरच चमचाभर रस वाढवावा. आंबटपणा पाकाने झाकण्यापेक्षा मुळातच कमी ठेवला, तर टकिलाची हिरवट, मिरमिरीत चव आपोआप पुढे येते.

रस त्याच दिवशी काढलेला असावा. बाटलीतला तयार रस वापरायचा असेल, तर हे पेय न केलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. लिंबू दाबयंत्रात फार जोराने पिळू नये, कारण सालीतला कडू अंश रसात उतरतो. गच्चीवर किंवा बागेत दिवसा बेत असेल, तर रस काढल्यावर हात साबणाने धुऊनच उन्हात जावे. लिंबाच्या रसाचा अंश त्वचेवर राहून त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग उठतात, आणि ते डाग बरेच दिवस जात नाहीत.

दर्यावर्दी

टकिलाविषयी थोडे. बाटलीवर ‘शंभर टक्के अगावे’ असे लिहिलेले नसेल, तर त्या टकिलातील साखरेपैकी किमान ५१ टक्के निळ्या अगावेची असते आणि उरलेली उसाची किंवा अन्य साखर असू शकते. अशा टकिलात लिंबापुढे टिकण्याइतका जोर नसतो. सोनेरी रंगावर भुलू नये, कारण तो पुष्कळदा जाळलेल्या साखरेचा असतो. मार्गारिटासाठी ब्लांको, म्हणजे न मुरवलेली पांढरी टकिला घ्यावी. किमान दोन महिने लाकडात ठेवलेली रेपोसादोही चालते, पण वर्षाहून अधिक मुरवलेली अन्येहो लिंबात घालणे मला पटत नाही.

दख्खनच्या पठारावर वाढणाऱ्या घायपातीपासून (ही अगावेचीच एक जात) केलेली मद्ये आता आमच्याकडे गोव्यात तयार होतात. टकिला हे नाव मेक्सिकोतील हालिस्को आणि आणखी चार राज्यांतील ठरावीक प्रदेशांपुरते राखीव असल्याने त्यांना ते लावता येत नाही, मात्र या कृतीत ती चांगली रुळतात.

माळरान

दोघांचेही आभार. टकिला शंभर टक्के अगावेचीच आहे. रस १५ मिलिवर आणल्यावर फरक लगेच जाणवला. आता प्रश्न ट्रिपल सेकचा उरला. माझ्याकडच्या स्वस्त बाटलीवर मद्यार्क २० टक्के लिहिले आहे. पेय पातळ लागण्याचे कारण तेच असेल का?

निशिगंध

होय, तेही एक कारण आहे. क्वांत्रोत मद्यार्क ४० टक्के असतो. त्याच्या निम्म्या जोराचे आणि बहुधा अधिक गोड असलेले ट्रिपल सेक त्याच मापाने घातले, की पेयाचा जोर उतरतो आणि गोडी वर येते. ती बाटली संपवायची असेल तर २० ऐवजी १५ मिलि घाला.

त्याच्यावाचूनही उत्तम पेय होते. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘टॉमीज’ या मेक्सिकन उपाहारगृहात हुलिओ बर्मेहो यांनी ट्रिपल सेक पूर्णपणे वगळून केवळ टकिला, लिंबाचा रस आणि अगावेचा पाक यांची मार्गारिटा रूढ केली, आणि पुढे बारटेंडर संघटनेनेही तिला स्वतंत्र स्थान दिले. संत्र्याचा वास बाजूला झाल्यामुळे टकिला चांगली असेल तर ती यात अधिक उघडपणे कळते. तुमच्या परिस्थितीत महाग ट्रिपल सेकवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे टकिलावर घालावेत, असे मी सुचवेन. अगावेचा पाक साखरेच्या पाकापेक्षा गोड असतो, म्हणून दोन लहान चमच्यांपासून सुरुवात करा.

पातळपणाचे दुसरे कारण बर्फ असू शकते. ट्रे बाहेर काढून ठेवला, की आपल्या हवेत बर्फाला लगेच पाणी सुटते आणि तेच आधी पेयात उतरते. बर्फ ऐनवेळी फ्रीझरमधून काढावा, शेकर त्याने भरगच्च भरावा आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवून पेय लगेच थंड पेल्यात गाळावे. बर्फ कमी घातला तर तो उलट लवकर वितळतो.

दर्यावर्दी

मिठाचे राहिले. बारीक आयोडीनयुक्त मीठ काठाला लावू नका, ते झोंबते. खडेमीठ खलबत्त्यात भरड कुटावे, पेल्याच्या काठाला बाहेरून लिंबाची फोड फिरवावी आणि अर्ध्याच काठाला मीठ लावावे, म्हणजे ते आत पडत नाही आणि मिठासह प्यावे की मिठावाचून, हे ज्याचे त्याला घोटागणिक ठरवता येते.