मदत हवी आहे: पोटाची चरबी घटवायला चालणं वाढवू की वजनं उचलू?

वय ३९, उंची ५ फूट ७ इंच. चार महिने रोज पहाटे सोलापूरच्या कंबर तलावावर ५० मिनिटं झपझप चालतोय. वजन ८४ वरून ७९ वर आलं, पण गेले सहा आठवडे काटा तिथेच अडकलाय. कंबर जेमतेम एका इंचाने कमी झाली. दंड मात्र बारीक झालेत, जुन्या शर्टाच्या बाह्या सैल पडतात. चरबीसोबत स्नायूही गेले की काय, ही खरी धास्ती आहे.

साखर, तळलेलं बंद आहे. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दही. शेंगा चटणी सुटत नाही, पण आता मोजून दोन चमचे. शाकाहारी आहे, अंडी चालतात. प्रथिनं दिवसाला जेमतेम ५० ग्रॅम होत असावीत. शुगर, बीपी, थायरॉईड नॉर्मल. उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे धावणं डॉक्टरांनी बंद केलंय.

जिमवाले म्हणतात कार्डिओ सोडा, फक्त वजनं उचला. चालायला येणारे मित्र म्हणतात दीड तास चाला. मला दोन्ही टोकाचं वाटतं. घरी ५ आणि १० किलोच्या डंबेल्सच्या जोड्या आहेत. वेळ सकाळी पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, संध्याकाळी बाहेर काही जमत नाही.

या पाच दिवसांत वजनं किती दिवस, चालणं किती दिवस ठेवू? एकाच दिवशी दोन्ही केलं तर आधी काय करावं? आणि गुडघ्यावर ताण न येता पायांचे कोणते व्यायाम घरी करता येतील?