मदत हवी आहे: उत्पादक कंपन्यांच्या वार्षिक सभेची खरी हजेरी कशी मोजू?

लातूर-धाराशिवच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांवर एलएलएमचा (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंध करतेय. कंपनीच्या नियमावलीत जास्त आकडा नसेल, तर वार्षिक सभेला एकचतुर्थांश सभासद लागतात. ते खरंच येतात का, एवढंच तपासायचंय.

एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर कंपनीमागे 100 रुपये भरून एमजीटी-7, म्हणजे कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रं, पाहिली; त्यात हजर सभासदांचा आकडा असतो. काही ठिकाणी हजेरीपटही बघायला मिळाला. एका पटावर पानंच्या पानं एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या सह्या! आणि ही तर पट दाखवणारी कंपनी. नकार देणाऱ्या वगळल्या तर निष्कर्षच लंगडा पडेल.

सर्वेक्षकांसाठी पैसे नाहीत, सोयाबीन काढणीत गावात कुणी भेटत नाही. भागधारकांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून सभासद निवडले आणि फोनवर विचारलं, तर ते उत्तर पुरावा म्हणून टिकेल का? कंपनीमागे किती सभासद घ्यावेत?